साहेबाचा मान आणि भाऊंचा सीआर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की हल्लीच्या पोरांना साहेबाने दोन शब्द सुनावलेले सहन होत नाहीत, लगेच मनाला लावून घेतात, आमच्या वेळी साहेब फाईल अंगावर फेकायचा आणि आम्ही ती उचलून परत टेबलावर ठेवायचो, आणि शेवटी त्यांनी प्रतापराव गुजरांचं उदाहरण दिलं होतं, की खुद्द शिवाजी महाराजांनी आपल्या सरनौबताला तोंड दाखवू नका म्हणून लिहिलं, तेव्हा कुणी रडत बसलं का. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण खुर्चीत असताना अगदी असंच पत्र मीसुद्धा लिहिलं असतं, याच शब्दांत आणि याच उदाहरणासकट. म्हणून उत्तर द्यायला बसलोय. लांबलं तर जागा बघून कापा, पण भाऊंचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी इंदूरचाच, जन्म रामबागेतला. ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची १६ अधिकारी म्हणून. खात्याचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचंही नाही, ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे तेच इथे म्हणतो. भाऊ माझ्या हाताखाली होते, वयाने तीन-चार वर्षांनी लहान, आणि गावोगावचे आकडे त्यांच्या टेबलावर असायचे. कुठल्या गावात किती हँडपंप, किती चालू, किती बंद, सगळं एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत. वही इतकी वापरलेली की कोपरे झिजून गोल झाले होते, वर एक रबरबँड. मार्च लागला की भाऊ दर रविवारी स्वतःच्या लुनावर स्वतःचं पेट्रोल घालून सांवेरकडे नाहीतर देपालपूरकडे जायचे आणि पंपाचं हँडल स्वतः मारून बघायचे, किती हात मारल्यावर पाणी येतं ते वहीत लिहायचे. आमच्या रिपोर्टात त्याला कॉलमच नव्हता, चालू आणि बंद एवढे दोनच कॉलम, तरी ते लिहायचे. चाळीस हात मारल्यावर पाणी आलं म्हणजे हा पंप आता आठ-दहा दिवसांचा सोबती, असं म्हणायचे आणि बहुतेक तसंच व्हायचं. त्यामुळे टँकर कुठे लागणार हे आम्हाला आठवडाभर आधी कळायचं आणि त्याची शाबासकी मला मिळायची, हेही सांगतो.

१९९८ चा मे महिना. भोपाळहून मोठे साहेब आढावा मीटिंगला आले होते. हॉल भरलेला, वीसेक अधिकारी, मागे भिंतीला लागून आमचे बाबू लोक फाईली मांडीवर घेऊन. माझी पाळी आली, मी उभा राहिलो आणि वाचलं की अमुक एका पट्ट्यात ४१ हँडपंप चालू आहेत. मागून भाऊ अर्धवट उठले आणि हळूच, अगदी हळूच बोलले, "सर, ये पिछले महीने का है, अभी चौबीस चालू हैं." खरं तर नवीन चार्ट त्यांनी सकाळीच माझ्या टेबलावर ठेवला होता, मी तो उघडलाच नव्हता, जुनाच घेऊन आलो होतो. चूक सगळी माझी. पण मोठे साहेब हसले आणि म्हणाले, "अरे, आपसे ज़्यादा तो आपके बाबू को मालूम है!" आणि सगळा हॉल हसला. एवढंच झालं, अर्ध्या मिनिटात पुढचा विषय सुरू झाला, मोठ्या साहेबांना तर गाडीत बसेपर्यंत आठवणही राहिली नसेल. मला मात्र ते हसू पुढे दोन वर्षं ऐकू येत होतं.

त्या दिवशी मी भाऊंना काहीही बोललो नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं, फाईल फेकून मारली असती तरी चाललं असतं, निदान त्यांना कळलं तरी असतं की साहेब कशावरून बिनसलाय. पण मी स्वतःला सुसंस्कृत समजणारा माणूस, मी कधी कुणावर आवाज चढवला नाही आणि त्याचा मला अभिमान होता. मी काय केलं, तर दुपारी चार वाजता भाऊ माझ्या खोलीत चहाला यायचे, रोजची सवय, ते बोलावणं बंद केलं. शिपायाला सांगितलं, आज एकच कप. मग त्यांच्या फाईली 'चर्चा करें' लिहून परत पाठवायला लागलो आणि चर्चेला ते आले की म्हणायचो आत्ता वेळ नाही. मीटिंगला जाताना त्यांच्याऐवजी दुसऱ्याला न्यायला लागलो. एक दिवस ते बारा मिनिटं उशिरा आले तर कारण बताओ नोटीस दिली, तीही माझ्या सहीने नाही, बडे बाबूंच्या, म्हणजे हेड क्लार्कच्या सहीने. म्हणजे स्टाफ चिडला तो बडे बाबूंवर. ते बिचारे माझ्या सांगण्यावरून सही करून मोकळे झाले आणि वर्षभर लोकांच्या शिव्या खात राहिले, मी त्यांच्याबद्दलही गप्प राहिलो.

आणि मग सीआर. ज्यांनी मध्य प्रदेशात सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण खरा घाव तिथे आहे. सीआर म्हणजे गोपनीय चरित्रावली, कर्मचाऱ्याच्या कामाचा गुप्त अहवाल, ती दर वर्षाची असते, एप्रिल ते मार्च, ती लिहितो वरचा अधिकारी आणि शेवटी श्रेणी देतो, क प्लस म्हणजे उत्कृष्ट, मग क, ख, ग, आणि सगळ्यात खाली घ. त्या काळी नियम असा चालायचा की शेरा प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवायचा, मग तो त्यावर आपलं म्हणणं मांडू शकायचा. म्हणजे मी घ दिला असता तर भाऊंना कागद गेला असता, त्यांनी उत्तर दिलं असतं, त्यांची लाल वही पुढे आली असती आणि मला जाब द्यावा लागला असता. ग मात्र 'सामान्य'. सामान्य म्हणजे प्रतिकूल नाही, म्हणजे कळवायची गरज नाही. आणि प्रमोशनची कमिटी बसते तेव्हा मागच्या वर्षांच्या श्रेण्या समोर ठेवते, तिथे ग वाला आपोआप मागे पडतो. हे मला पक्कं माहीत होतं. मी विचार करून ग दिला. शेऱ्यात लिहिलं, 'कार्य सामान्य', बस, दोन शब्द. तेही मार्च ९८ ला संपलेल्या वर्षासाठी, म्हणजे मीटिंगच्या आधीचं वर्ष, ज्या वर्षी त्यांनी सर्वात चांगलं काम केलं होतं. पुढच्या वर्षीही ग. १९९९ ला त्यांची बदली झाबुआला झाली, यादीत नाव मी सुचवलं होतं. शनिवारी संध्याकाळी बसने इंदूरच्या गंगवाल स्टँडला उतरायचे आणि सोमवारी पहाटे तिथूनच परत.

आमच्या सौ.ने तेव्हा एकदा विचारलं होतं. रात्री जेवण झाल्यावर उद्याची मेथी निवडत बसली होती, म्हणाली, अहो, भाऊ हल्ली येत नाहीत. मी सगळं माझ्या बाजूने रंगवून सांगितलं, शिस्त, ऑफिसची इज्जत, वरिष्ठांसमोर कसं बोलावं. ती म्हणाली, "पण त्यांनी सांगितलेला आकडा खरा होता ना?" मी म्हटलं, तुला ऑफिसमधलं कळत नाही. ती मेथी निवडत राहिली.

आपल्या त्या पत्रलेखकांना मी हेच विचारतो, की तुम्ही ज्याला शिस्त म्हणता त्यातली किती खरोखर शिस्त होती? शिस्त मोडली म्हणून शिक्षा द्यायची असेल तर माणसाला बोलावून सांगता येतं की तू हे चुकलास. मला ते सांगता येत नव्हतं कारण सांगायला चूकच नव्हती. म्हणून तर मी असा कागद निवडला जो त्यांच्या हातात पडणार नाही. माझ्या मते हीच ओळख आहे, साहेबाला शिक्षेचं कारण तोंडावर सांगता येत नसेल तर ती शिक्षा त्याच्या स्वतःच्या दुखण्यावरचं औषध असते, आणि ते औषध पाजलं जातं दुसऱ्याला.

नुकसान फक्त भाऊंचं झालं असंही नाही. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात परत तशीच मीटिंग झाली, मी परत एक आकडा चुकीचा वाचला, मागे बसलेल्या तिघांना तो चुकीचा आहे हे माहीत होतं, हे मला नंतर कळलं, पण कुणी तोंड उघडलं नाही, का उघडतील, भाऊंचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या आकड्यावरून टँकरची यादी बनली आणि एका वस्तीचं नाव राहून गेलं. ११ दिवस. ११ दिवस तिथल्या बायका दुसऱ्या गावच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, मे महिन्यात, आणि ज्या माणसाच्या वहीत त्या वस्तीच्या पंपाचे हात मोजलेले होते तो झाबुआला बसून आवक-जावक रजिस्टर भरत होता.

आता प्रतापरावांबद्दल, कारण ते उदाहरण अर्धवट दिलं गेलं याचं मला फार वाईट वाटलं. आपण ही गोष्ट नेहमी सात घोड्यांपाशी थांबवतो. उमराणीला प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडलं, पाणी तोडलं, तो शरण आला आणि त्याला जाऊ दिलं. तो पुन्हा उलटला, रयतेला पुन्हा त्रास द्यायला लागला. महाराज रागावले ते स्वतःचा मान दुखावला म्हणून नाही, रयतेची नासाडी झाली म्हणून, आणि जे सांगायचं ते सरळ प्रतापरावांनाच लिहून कळवलं, कारणासकट, मागच्या दाराने काही केलं नाही. प्रतापराव ते शब्द उरात घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ सहा स्वारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. यापुढचं मात्र आपण सांगत नाही. सभासदाच्या बखरीत लिहिलंय की ही खबर ऐकून महाराज फार कष्टी झाले, आज एक बाजू पडली असं म्हणाले, आणि प्रतापरावांना मीच तसं लिहून पाठवलं होतं हे स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर बोलले. ज्यांचा राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता, त्यांना कोण विचारणार होतं? सहज म्हणता आलं असतं की सरनौबताने अविचार केला, सैन्य सोडून एकटं जायला कुणी सांगितलं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तरी ते म्हणाले, मी लिहिलं होतं. पुढे १६८० मध्ये धाकट्या राजाराम महाराजांसाठी प्रतापरावांचीच मुलगी जानकीबाई सून करून आणली, म्हणजे गेलेल्या सरदाराचं घर आपल्या घराला जोडून घेतलं. तेव्हा ज्यांना कठोर साहेबगिरीसाठी महाराजांचं नाव घ्यायचंय त्यांनी त्या पत्राबरोबर हे पुढचंही घ्यावं, नाहीतर महाराजांचं नाव घेऊ नये.

उलट उदाहरण हवं असेल तर आपल्या इंदूरातच आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला बावला खून खटला तोंडपाठ होता पण चारचौघांत कुणी बोलायचं नाही, आम्ही मुलं जवळ आलो की मोठी माणसं विषय बदलायची. होळकर दरबारातली नर्तकी मुमताज बेगम तिथून निघून गेली, मुंबईला अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या आसऱ्याला राहिली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची गाडी अडवून तिला ओढून न्यायचा प्रयत्न झाला, बावला गोळ्या लागून गेले, तिच्या चेहऱ्यावर वार झाले, आणि गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मधे पडले म्हणून ती वाचली. खटला चालला, इंदूरच्या नोकरीतली माणसं त्यात निघाली, दोघं फासावर गेले, काही तुरुंगात. हुकूम कुणाचा होता हे कोर्टात कधीच ठरलं नाही, कारण महाराज तुकोजीराव कुठल्या कोर्टापुढे उभेच राहिले नाहीत. इंग्रजांनी चौकशी आयोग नाहीतर गादी सोडा असं सांगितल्यावर १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुलासाठी गादी सोडली. मी न्यायाधीश नाही, त्यांनी काय सांगितलं आणि काय नाही हे मी कसं म्हणू. पण आजी जे म्हणायची ते माझ्या डोक्यात बसलंय, की फासावर गेलेल्यांचं त्या बाईशी स्वतःचं काय वाकडं होतं? तिच्या जाण्याने ज्याचा कुणाचा मान गेला असेल तो यांचा तर नव्हता. राजवाड्यासमोरून जाताना मला आता त्या दोघांची आठवण येते आणि मग आमच्या बडे बाबूंची येते, ज्यांच्या सहीने मी नोटीस पाठवली होती. गोष्टी लहान-मोठ्या आहेत, तुलना जड वाटेल कुणाला, पण सही दुसऱ्याची आणि राग आपला, ही पद्धत तीच.

२००८ साली, मी खुर्चीत असतानाच, सुप्रीम कोर्टाचा देवदत्त केसचा निकाल आला. बॉर्डर रोड्समधले इंजिनियर, त्यांना एका वर्षी 'चांगला' एवढीच श्रेणी दिलेली, प्रमोशनला 'अति उत्तम' लागत होती, आणि ही 'चांगला' त्यांना कळवलीच नव्हती कारण ती प्रतिकूल नव्हती. कोर्टाने सांगितलं की श्रेणी कुठलीही असो, चांगली-वाईट-सामान्य, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला दाखवली पाहिजे. पेपरात ते वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता, कारण दहा वर्षांपूर्वी मी जी पळवाट वापरली होती ती कुणीतरी नेमकी बोट ठेवून दाखवली होती. तरी मी काही केलं नाही. पेपर घडी करून ठेवला. आणखी दोन वर्षं गेली, मी रिटायर झालो.

२०१० च्या हिवाळ्यात एका लग्नात भाऊ भेटले. पंगतीत समोरासमोर बसलो होतो, त्यांनीच आधी हात जोडले, तब्येत विचारली. जेवण झाल्यावर हात धुवायला गेलो तिथे नळापाशी ते म्हणाले, "साहेब, एक विचारू का, राग मानू नका. माझं कामात नक्की कुठे चुकलं होतं? मी फार विचार केला, मला सापडलं नाही." नळ चालूच होता. बारा वर्षं हा माणूस स्वतःच्या कामात चूक शोधत होता. नंतर वहिनींकडून कळलं की झाबुआला असताना ते रात्री उठून रजिस्टरचे आकडे परत परत मिळवायचे, एकदा मिळालेले आकडे तीन-तीनदा, आणि मीटिंगमध्ये बोलणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं, कुणी विचारलं तरी मान हलवायचे. हँडलचे हात मोजणारा माणूस! प्रमोशनचं नुकसान पैशात मांडता येईल, याचं कसं मांडायचं?

मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं, मीटिंग, हसू, ग, झाबुआची यादी. माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, जाऊ द्या साहेब, जुनं झालं, चहा घ्या. मी घरी आलो तो अगदी हलका होऊन, सौ.ला म्हटलं, झालं एकदाचं, भाऊंनी माफ केलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं, त्यांचं काय झालं? ग तर अजून तिथेच आहे ना?"

हे वाक्य मी त्या पत्रलेखकांसाठी आणि खुर्चीत बसलेल्या सगळ्यांसाठी मुद्दाम जसंच्या तसं दिलंय. मी अपमान कागदावर केला होता आणि माफी मागितली ती चहाच्या कपावर, बंद दारामागे, जिथे मला कुणी बघत नव्हतं. म्हणजे याही वेळी मी स्वतःचा मान सांभाळूनच वागलो होतो. मग मी खात्याला अर्ज दिला, माझ्या सहीने, सोबत शपथपत्र, की सन ९७-९८ आणि ९८-९९ चं मतांकन, म्हणजे सीआरमधला शेरा आणि श्रेणी, मी वैयक्तिक रागातून केलं होतं, कामाशी त्याचा संबंध नव्हता, ते सुधारावं आणि माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. नोटरीकडे कागद वाचून तो तरुण वकील माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, अंकल, असं कुणी लिहून देतं का. पुतण्या म्हणाला, पेन्शन अडकेल. जुने सहकारी तर फोनवर चिडलेच, म्हणे खात्याची बदनामी करतोस, सगळेच असे सीआर लिहायचे. सगळेच लिहायचे हे खरं आहे, म्हणून तर आता बोलायला हवं.

चौदा महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, इतक्या जुन्या मतांकनात प्रतिवेदक (म्हणजे सीआर लिहिणाऱ्या) अधिकाऱ्याच्या अर्जावरून बदल करता येत नाही. परत लिहिलं, परत तेच. कारवाई माझ्यावरही झाली नाही. भाऊ २०१४ ला त्याच पदावरून रिटायर झाले ज्या पदावर १९९८ ला होते. एक मात्र झालं, अर्जाची कॉपी मी जुन्या ऑफिसात सगळ्यांना वाचायला दिली होती, हाताखालच्या लोकांसकट, बडे बाबूंच्या घरीही नेऊन दिली. भाऊंच्या निरोप समारंभात एका कनिष्ठ मुलाने उठून ती वाचून दाखवली. मी तिथे बसलेलो होतो. त्या दिवशी हॉलमधले लोक माझ्याकडे बघत होते तसं याआधी कुणी कधी बघितलं नव्हतं, आणि ते मला सोसावं लागलं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. भाऊ भाषणाला उभे राहिले आणि हँडपंपांबद्दल वीस मिनिटं बोलले.

आता नियम बदलले, नोंद दाखवावी लागते, पण खुर्ची तीच आहे आणि मनही तेच. माझ्या बहिणीचा नातू विजय नगरला एका प्रायव्हेट कंपनीत आहे, त्याचा टीम लीडर क्लायंटसमोर चुकला, याने सुधारलं, तेव्हापासून त्याला ग्रुपवर रात्री अकरा वाजता सगळ्यांदेखत मेसेज येतात आणि चांगल्या प्रोजेक्टवरून काढून बसवून ठेवलंय. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा तरी आहे, नुसत्या दुखावलेल्या अहंकारापायी कुणाला चेपलं तर त्यावर वेगळा कायदा नाही, एचआरकडे गेला तर म्हणाले, थोडं ॲडजस्ट कर. हीच पोरं त्या पत्रातली, मनाला लावून घेणारी. मी त्याला विचारलं, तुझं कामात काही चुकलं होतं का रे? तो म्हणाला, आबा, तेच तर कळत नाहीये. हे ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही.

त्या टीम लीडरला मी ओळखत नाही. पण तो किंवा त्याच्यासारखं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, उद्या त्याच ग्रुपवर, त्याच सगळ्या लोकांसमोर, लिहा की त्या दिवशी हा बरोबर होता आणि मी चुकलो होतो. वेगळं बोलावून, कॉफी पाजून सांगू नका. आणि प्रोजेक्ट परत द्या. बारा वर्षं थांबलात तर देण्यासारखं हातात काही उरत नाही, मी थांबून बघितलंय.

पत्र पोस्ट करायच्या आधी काल भाऊंकडे नेलं होतं, त्यांच्या परवानगीशिवाय छापायला देणं बरोबर नव्हतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. घरच्या अडचणींबद्दल मी एक परिच्छेद लिहिला होता, तो काढायला सांगितला, काढला. नाव नको म्हणाले, आणि माझं नाव छापलं तर जुने लोक त्यांना लगेच ओळखतील, म्हणून माझंही छापू नये, आपल्या माहितीसाठी सोबत वेगळ्या कागदावर दिलंय. मग आतल्या खोलीत गेले आणि ती लाल वही घेऊन आले, रबरबँड नवीन होता. मी पत्रात चालू पंप २६ लिहिले होते. भाऊंनी मे ९८ चं पान काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, साहेब, २४. मी तिथेच त्यांच्या पेनाने दुरुस्त केलं.

आपला,
एक सेवानिवृत्त वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर